एक-चौदा

पेडण्यात किंवा डिचोलीत जमिनीची गोष्ट निघाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्याचे नाव येतेच. "एक-चौदार नांव कोणाचें?" एवढे कोणी विचारले की तो येऊन बसलाच म्हणून समजावे. बँकेत कर्ज मागा, घर बांधायला निघा, भावाभावांत वाटणी काढा, बापाच्या पश्चात वारसांची नावे लावा; प्रत्येक ठिकाणी आधी त्याला बोलावणे जाते. त्याचे पूर्ण नाव नमुना नं. १ व १४. महाराष्ट्रातल्या सात-बाराचा हा गोव्यातला भाऊ.

दिसायला साधा, रेघांचा, रकान्यांचा. कपाळावर तालुका, गाव, शेताचे नाव, सर्वे नंबर, हिस्सा नंबर. त्याखाली जमिनीच्या जाती: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. तरी म्हणजे भाताची जमीन. खाजन म्हणजे तेरेखोल, शापोरा, मांडवी यांच्या काठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. केर रेताड, मोरड चढावरची आणि पावसावर जगणारी. ही नावे ज्याने शेतात उभे राहून शिकली त्याला गोव्याची भूमी बरीचशी कळली. मग नापीक क्षेत्र, पोटखराब. मग आकार, आणि आकाराच्या शेजारी दोन जुने रकाने, फोर आणि प्रेदियाल. हे पोर्तुगीज अमदानीतल्या वसुलीचे अवशेष. पुष्कळ उताऱ्यांवर त्यांत आज शून्याखेरीज काही नसते, तरी ते आपली जागा धरून आहेत. त्यानंतर माणसे येतात: कब्जेदाराचे नाव, खाते नंबर, फेरफार नंबर, शेरा. त्याखाली कूळ. त्याखाली इतर हक्क. आणि तळाशी पिकाचा तपशील.

बोलणे तुटक आणि ठाम. अमुक सर्वे, अमुक हिस्सा, कब्जेदार अमुक. ‘बहुधा’ नाही, ‘असे म्हणतात’ नाही. पण त्याला जन्म देणाऱ्या कायद्याने त्याच्या ठामपणाला एक मर्यादा घालून दिली आहे, आणि माझ्या मते त्याच्या स्वभावातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. १९६८ च्या गोवा, दमण व दीव जमीन महसूल संहितेचे कलम १०५ सांगते की हक्कनोंदणीतली नोंद खरी धरून चालावे. मात्र विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, किंवा रीतसर नवी नोंद तिच्या जागी येईपर्यंतच. शिवाय मालकी ठरवण्याचा अधिकार त्याला नाही. तो दिवाणी कोर्टाचा. महसुली नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही आणि बुडतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. म्हणजे हा कागद जे सांगतो ते मानायचे, त्यावर व्यवहार करायचा, आणि तरीही ते चुकीचे निघू शकते हे विसरायचे नाही.

सत्य म्हणजे काय आणि एखादी गोष्ट खरी मानायचा अधिकार आपल्याला केव्हा येतो, या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी शेकडो वर्षे घालवली. सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणे की ज्ञान उपजतच प्रमाण असते. ते खोटे ठरते दोनच वाटांनी: त्याला बाधणारे दुसरे ज्ञान आले, किंवा ते जिथून आले त्या उगमातच दोष सापडला. कलम १०५ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुमारिल नसणार. पण त्यांनी लिहिले ते स्वतःप्रामाण्यच आहे. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटत नसे. ज्ञान खरे की नाही ते त्यावर चालून पाहिल्याशिवाय, प्रवृत्ती सफळ झाल्याशिवाय कळत नाही, असा त्यांचा हट्ट. एक-चौदाच्या आयुष्यात दोघांनाही जागा आहे. कचेरीत तो मीमांसक असतो. हद्दीच्या दगडापाशी दोन शेजारी उभे राहिले की त्याला नैयायिकाला सामोरे जावे लागते.

त्याचा जन्म तसा अलीकडचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६८ साली महसूल संहिता आली, आणि सत्तरच्या दशकात गावोगाव नवी मोजणी होऊन हक्कनोंदणी तयार झाली. त्याआधी पेडणे आणि डिचोली या पोर्तुगिजांच्या हाती उशिरा आलेल्या नव्या काबिजातींत जमिनीचे बोलणे निरनिराळ्या भाषांत चाले. जुने मराठी कागद मोडीत, सनदा आणि देसायांची दप्तरे. त्यावर पोर्तुगीज नोंदणी आणि मात्रीझ ही करनोंद. पेडण्यात देशप्रभूंचे घराणे व्हायकाऊंट हा किताब मिरवणारे. अशा मुलखात मोजणीवाले साखळी घेऊन शेतात उतरले तेव्हा त्यांनी विचारले असणार ते एवढेच: हे कोण करतो, हे कोणाचे? बांधावर जो हजर होता त्याने आणि शेजाऱ्याने जे सांगितले ते लिहिले गेले. एक-चौदाच्या पोटातली पहिली नोंद म्हणजे पुष्कळ ठिकाणी बांधावर दिलेली साक्ष आहे.

ज्यांचे वडील त्या वेळी मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा जहाजावर होते, त्यांचे काय झाले याच्या कहाण्या या दोन्ही तालुक्यांत घरोघर ऐकायला मिळतात. धाकट्या भावाचे नाव लागले आणि थोरल्याचे राहिले. कुळाचा रकाना कोरा राहिला. हिस्सा एकाचा, नाव दुसऱ्याचे. मी या कहाण्या नुसत्या तक्रारी म्हणून ऐकत नाही. त्यांत खरे तर एक मोठा प्रश्न दडलेला असतो: इतक्या वर्षांपूर्वी त्या नोंदीवर विश्वास ठेवणारा माणूस चुकला होता का?

त्याने हाताशी असलेले सगळे पाहिले होते. नोंद रीतसर होती, हरकत आलेली नव्हती, शेजारी मान्य करत होते. त्याचा विश्वास सकारण होता. पुढे पंधरा-वीस वर्षांनी कोर्टाने सांगितले की जमीन दुसऱ्याची. कोर्टाने त्या दिवशी नवा मालक निर्माण केला नाही. तो आधीपासून मालक होता एवढेच मान्य केले. हिलरी पटनम या अमेरिकी तत्त्वज्ञाने याच जागेवर बोट ठेवले होते. सकारणता मिळते आणि जातेही, सत्य मात्र तारखेबरोबर बदलत नाही. म्हणून ही दोन एक नव्हेत. एक-चौदाच्या फेरफाराच्या रकान्यात मला हे रोज दिसते. जुने नाव जाते, नवे येते, शेजारी नंबर पडतो. बदलतो तो आपल्या विश्वासाचा आधार. जमीन कोणाची, हे त्या नंबराची वाट पाहत थांबलेले नसते.

फलप्रामाण्यवाद्यांचे नाव घेतले की आपल्याकडे एक सोपा समज असतो: ज्याने काम भागते ते खरे, असे म्हणणारे ते लोक. त्यांच्याशी इतका अन्याय करू नये. त्यांच्यातल्या चार्ल्स सँडर्स पर्सने १८७७ च्या लेखात विश्वास पक्का करण्याच्या पद्धती सांगितल्या. हट्टाने धरून बसणे ही एक. अधिकाऱ्याने सांगितले म्हणून मानणे ही दुसरी. आपल्या बुद्धीला रुचते म्हणून मानणे ही तिसरी. त्याची पसंती चौथीला: आपल्या इच्छेवर न चालणारे असे बाहेर काहीतरी आहे असे धरून, सर्वांना तपासता येईल अशी चौकशी करणे. जमिनीच्या भांडणात या चारही पद्धती एका सकाळी भेटतात. "आमच्या पणजोबांपासून आमचेच" ही पहिली. "मामलेदारानेच लिहिले आहे" ही दुसरी. "एवढी मोठी जमीन त्यांची कशी असेल" ही तिसरी. आणि साखळी घेऊन, जुना नकाशा घेऊन, शेजाऱ्यांना बोलावून बांधावर जाणे ही चौथी. पर्स आणखी एक सांगत असे: शंका खरी असावी, तत्त्वज्ञानासाठी ओढूनताणून आणलेली नसावी. फेरफाराची नोटीस निघते, ती संबंधितांना जाते, लावली जाते, हरकतीला मुदत मिळते. पण नुसते "मला मान्य नाही" म्हणून भागत नाही, कारण द्यावे लागते. कागदावरची शंका आणि पोटातली शंका यांतला फरक त्या कचेरीने आपल्या परीने ओळखला आहे.

त्यांच्यातल्याच विल्यम जेम्सने १९०७ च्या व्याख्यानांत सत्य उधारीवर चालते असे म्हटले. आपले बहुतेक विश्वास कोणी आव्हान देत नाही तोवर चलनी नोटांसारखे हातोहात फिरतात. पण कुठेतरी, कोणीतरी प्रत्यक्ष पडताळा घेतलेला असावा लागतो, नाहीतर सगळी पेढी बुडते. एक-चौदा असाच फिरतो. बँक त्यावर विश्वास ठेवते, ग्राहक बँकेवर, नोटरी दोघांवर, आणि यांतल्या कोणीही ते शेत पाहिलेले नसते. मोपाचा विमानतळ उभा राहिला, ११ डिसेंबर २०२२ ला त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी पेडण्यातल्या गावांची जमीन संपादन झाली तेव्हा भरपाईच्या कागदाने पहिला प्रश्न यालाच विचारला. ज्याचे नाव त्यावर, त्याच्या दारी नोटीस. ज्याचे नाही, त्याने आपला हक्क दुसरीकडून सिद्ध करत फिरायचे.

ही उधारी कशी बुडते तेही गोव्याने पाहिले. परदेशी गेलेल्या किंवा वारस नसलेल्या मालकांच्या जमिनी हेरायच्या, पोर्तुगीज काळातले म्हणून बनावट दस्त तयार करायचे, ते जुन्या दप्तरात शिरवायचे आणि त्यांच्या आधाराने एक-चौदावर नाव चढवायचे, अशी प्रकरणे उघडकीला आली. २०२२ साली सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एक सदस्यीय आयोगही. या प्रकरणांकडे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी नीट पाहावे असे मला मनापासून वाटते. कारण ते बनावट दस्त चालले होते. त्यांनी काम भागवले होते. नावे लागली, सौदे झाले, पैसे हातात पडले. काम भागणे म्हणजेच सत्य असते तर ते दस्त खरे ठरले असते. ते खोटे होते हे आपल्याला ठामपणे म्हणता येते, कारण खुली चौकशी लागताच ते टिकले नाहीत, आणि ज्याची जमीन गेली त्याला कोणी विचारलेच नव्हते. कुमारिलाच्या भाषेत उगमातच दोष होता. म्हणून ‘चालते’ या शब्दापुढे नेहमी विचारावे: कोणासाठी, किती दिवस, आणि कोणाच्या डोळ्यांदेखत?

डिचोलीत त्याच्यावर वेगळाच प्रसंग येतो. मुळगाव, शिरगाव, पिळगाव या बाजूला खाणींच्या मातीचा गाळ शेतात उतरला. शेतकरी वर्षानुवर्षे ते सांगत आले. एक-चौदा मात्र ‘तरी’ म्हणतच राहिला. रकान्यात भाताची जमीन, पायाखाली लाल चिखल. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा लीज, परवाने, पर्यावरण यांची चर्चा देशभर झाली. त्या शेतात आता काय पिकते याची चर्चा तेवढी झाली नाही. पिकाचा तपशील हा या कागदाचा सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक होऊ शकणारा. नाव कोणाचे ते माणसे ठरवतात. पीक आले की नाही ते जमीन सांगते, आणि तिला कोणाचे वजन पडत नाही. सगळे काही बघण्यावर असते असे म्हणणाऱ्या सापेक्षतावाद्याला मी आषाढात त्या शेतांत घेऊन जाईन.

सापेक्षतावादही आपल्या गावांना परका नाही. तो पोथीतून येत नाही, थकव्यातून येतो. भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, पोर्तुगीज नोंदणी, कुळाकडे खंडाच्या पावत्या, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराकडे घरपट्टीची आणि विजेची बिले, देवस्थानाकडे आपली दप्तरे. पंचवीस वर्षे खटला चालला की मधला माणूस म्हणतो, "प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर." भांडण मिटवायला हे वाक्य बरे असेल, पण ते मला अमान्य आहे. त्या शेतातला नारळ शेवटी एकाच घरी जातो. पाऊस आला की मुंडकाराच्या घरावर कौले शाकारायला परवानगी द्यायची की नाही, हे कोणीतरी ठरवतेच. ‘सगळ्यांचे बरोबर’ म्हटल्याने आधीच बळ असलेल्याचे बरोबर होते. एक-चौदाची रचना याहून शहाणी आहे. एकाच तुकड्याशी निरनिराळी माणसे निरनिराळ्या नात्यांनी बांधलेली असू शकतात हे ओळखून त्याने कब्जेदाराला, कुळाला आणि इतर हक्कांना स्वतंत्र जागा दिल्या. ही अनेक सत्ये नव्हेत. एका सत्याची ही अंगे, आणि प्रत्येक अंगाला पुरावा लागतो.

या जागा सहज मिळालेल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, आणि तिथे फलप्रामाण्यवादी जॉन ड्युई त्यांचे गुरू. ड्युईने पुढे १९३८ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात सत्य या शब्दापेक्षा चौकशीअंती करता येण्याजोग्या सप्रमाण विधानावर भर दिला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३७ साली, त्याचा हा शिष्य मुंबई विधिमंडळात कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडत होता. कसणाऱ्याचे नाव जिथे लागतच नाही तिथे चौकशी पुरी झाली असे म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. गोव्यात हेच काम पुढे पेडण्यात जन्मलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत १९६४ च्या कूळ कायद्याने सुरू झाले, १९७५ साली मुंडकार कायदा आला, आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती कुळाला मालकीपर्यंत घेऊन गेली. त्या दिवसांत कुळाच्या रकान्यात नाव लागणे म्हणजे घरात मूल जन्मण्याइतका आनंद होता. ज्या घरी ते लागले नाही तिथली माणसे अजून त्याबद्दल बोलतात.

मयेची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी. डिचोली तालुक्यातले हे तळ्याचे गाव. इथल्या जमिनीचा मालक पोर्तुगीज राजवटीतला काउंट. मुक्तीनंतर तो पोर्तुगालला गेला आणि १९६४ च्या कायद्याने ती जमीन परागंदा मालकाची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. गावात पिढ्या वाढल्या, घरे उभी राहिली, भाते पिकली, सण झाले. पण पायाखालची जमीन कागदाच्या भाषेत आपली झाली नाही. तिथे खोटे कोणी लिहिले नव्हते. कायद्याप्रमाणे नोंद अचूक होती. तरीही गाव पन्नास वर्षे सांगत राहिले की हे बरोबर नाही. २०१४ साली विधानसभेने मालकी, किताब व जमीन अनुदाने नष्ट करणारा कायदा केला, आणि सनदांचा मार्ग मोकळा झाला. तो मार्ग अजून सरळ नाही. मयेने मला शिकवले ते असे की नोंद आणि वस्तुस्थिती जुळली की नाही एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या वस्तुस्थितीला रकाना दिला आणि कोणतीला दिला नाही, हेही विचारावे लागते. मयेच्या लोकांनी जुन्या रकान्याविरुद्ध नवा पुरावा आणला नाही. त्यांनी रकानाच नवा मागितला, आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

असा रकाना न मिळालेली माणसे अजून आहेत. गोव्याच्या समान नागरी कायद्याने लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असतो. तरी कितीतरी उताऱ्यांवर नुसते नवऱ्याचे नाव. ती रोज त्या कुळागराला पाणी सोडते, सुपाऱ्या वेचते, आणि कागदापुरती ती तिथे नसते. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे तेच. नोटीस निघते ती आधीच नाव असलेल्याला, पुष्कळदा तर वारलेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर. हरकतीची मुदत निघून जाते, कोणी आले नाही म्हणून नोंद प्रमाणित होते, आणि मग त्या शांततेला संमती म्हटले जाते. चौकशी खुली आहे असे म्हणायचे तर जिला बोलायचे आहे तिच्यापर्यंत ती पोचली पाहिजे. तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टी म्हणत असे की समर्थन नेहमी कोणत्या तरी श्रोत्यांपुढे असते. मग श्रोते कोण बसवले, हा साधा प्रश्न राहत नाही.

एवढे सगळे दोष सांगूनही मी त्याच्या बाजूचा आहे. तो कोणालाही मिळतो. पूर्वी तलाठ्याच्या मर्जीवर असायचा, आता घरबसल्या पडद्यावर दिसतो. आपल्याविरुद्ध पुरावा आणायची वाट तो स्वतःच दाखवतो. देसायाच्या दप्तराने किंवा काउंटच्या सनदेने अशी वाट कधी दाखवली नव्हती. माणसाच्या हाती अंतिम सत्य लागत नाही, पण तपासता येणारा, दुरुस्त करता येणारा आणि दुरुस्तीच्या प्रत्येक पावलाला नंबर देणारा विश्वास लागू शकतो. गोव्याच्या मातीत असा विश्वास शोधायचा तर मी याच्याकडेच जाईन.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घराचा, भाटाचा, शेताचा एक-चौदा एकदा काढा आणि तळापर्यंत वाचा. कूळ आणि इतर हक्क हे रकाने सोडू नका. वारलेल्यांची नावे असतील तर वारसांची लावून घ्या, त्यांत बायका आणि बहिणींचीही. शेताचे जे नाव छापले आहे ते आणि गावातली म्हातारी माणसे म्हणतात ते एकच आहे का, हे त्यांना ती आहेत तोवर विचारा. आणि मामलेदार कचेरीत किंवा पंचायतीच्या फळ्यावर फेरफाराची नोटीस लागलेली दिसली, तर ती आपल्या सर्वेची नसली तरी वाचा; ज्याची आहे तो कदाचित मुंबईला असेल, त्याला कळवा.